जुनी बॉक्स्टर, ओलं कार्पेट आणि रात्री दोनचा हॉर्न

मिडलँड्सकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, मदत हवी आहे. गाडी पोर्शे बॉक्स्टर, २००१ ची, म्हणजे ९८६ मॉडेल, २.७ लिटर, कापडी छप्पर, मागची काच प्लॅस्टिकची. मी कॉव्हेंट्रीत राहतो. गॅरेज नाही, गाडी रस्त्यावर, मेपलच्या झाडाखाली उभी असते. तीन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा "स्वस्तात मिळाली" असं घरी सांगितलं होतं. ते वाक्य घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

गेले तीन आठवडे गाडीच्या अंगात आलंय. चार दिवस उभी राहिली की बॅटरी ठार. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. रिमोटने दार लहर लागली तर उघडतं. मागच्या मंगळवारी रात्री दोन वाजता आपोआप हॉर्न आणि चारही इंडिकेटर सुरू. शेजारच्या आजींनी सकाळी वायपरखाली चिठ्ठी ठेवली, अतिशय नम्र भाषेत. इथे माणूस चिठ्ठी लिहितो म्हणजे फार चिडलेला असतो. त्यात एअरबॅगचा दिवा लागलाय आणि जानेवारीत एमओटी आहे, म्हणजे इथली वार्षिक तपासणी. तो दिवा लागलेला असला की नापास. शिवाय इंजिन गरम असताना स्टार्टर रडत रडत फिरतो, आणि ड्रायव्हरचं दार उघडताना काच जी सेंटिमीटरभर खाली यायची ती येत नाही, रबरात अडकते.

मल्टिमीटर आहे. गाडी लॉक करून, तासभर थांबून बॅटरीच्या निगेटिव्हवर सिरीजमध्ये मोजलं तर ०.४२ अँपिअर. त्याआधी एकदा मीटर लावलेलं असताना दार उघडलं आणि मीटरचा फ्यूज उडवला, तो भाग सोडा. एका गॅरेजवाल्याने अल्टरनेटर आणि इग्निशन स्विच दोन्ही बदलायला सांगितलंय, "मग पुढचं बघू". मला ते "मग पुढचं" फार खटकतंय.

---

शंकासुर | रविवार, सकाळी ७:१५

माझ्याकडे २०११ ची वॅगन आर आहे. रात्री दोनला झोपते. (धागा वाचतोय, वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली.)

---

तारतंत्री | रविवार, सकाळी ८:०२

अल्टरनेटर आत्ता बदलू नका. ४० वर्षं कोल्हापुरात गाड्यांचं वायरिंग केलंय, त्यातून सांगतो.

तुमचा हिशेब बघा. ०.४२ गुणिले २४ म्हणजे दिवसाला १० अँपिअर-तास. बॅटरी ७० ची धरली तर चार दिवसांत ४० गेले. उरलेल्या ३० वर तुमच्या थंडीत सेल्फ, म्हणजे तुमचा स्टार्टर, कसा उचलणार? म्हणजे तुमचं माप बरोबर आहे. झोपलेल्या गाडीने ०.०५ च्या खाली यायला हवं.

उभ्या गाडीची बॅटरी डायनामोसुद्धा (आम्ही अल्टरनेटरला डायनामोच म्हणतो) उतरवू शकतो, आतला डायोड फुटला तर. पण डायोड फुटला म्हणून रात्री दोनला हॉर्न वाजत नाही, रिमोट लहरी होत नाही, आणि एअरबॅगचा तर त्याच्याशी संबंधच नाही. एकमेकांशी नातं नसलेल्या चार गोष्टी एकाच महिन्यात बिघडल्या, की मी पहिल्यांदा पाणी शोधतो.

एक काम करा. सीटखालच्या कार्पेटवर वरून हात फिरवू नका, तो कोरडाच लागेल. कडेतून बोटं आत घाला आणि खालचा स्पंज दाबा. काय होतं ते लिहा.

---

मिडलँड्सकर | रविवार, दुपारी १:३०

काका, मनगटापर्यंत पाणी आलं.

वरून खरंच कोरडं होतं. खाली दोन बोटं जाडीचा स्पंज आहे, तो भिजलेल्या पावासारखा झालाय. वास चार दिवस न वाळलेल्या सतरंजीचा. ऑक्टोबरपासून काचेवर आतून धुकं धरत होतं, मी ते थंडीच्या खात्यावर टाकलं होतं.

---

तारतंत्री | रविवार, दुपारी १:४१

किल्ली लावू नका. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मगच पुढचं बोलू.

---

वाफाळलेला_चहा | रविवार, दुपारी २:१०

मिडलँड्सकर, या गाडीचा हा प्रसिद्ध आजार आहे. अलार्म आणि इमोबिलायझरचा (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा) डबा सीटखाली, कार्पेटच्या खाली, तळाच्या सगळ्यात खोल भागात बसवलेला असतो. पाणी कुठूनही आलं तरी मुक्कामाला तिथेच जातं. सेंट्रल लॉकिंग, रिमोट, अलार्म सगळं त्याच्याच हातात. तुमची लक्षणं त्याच्याशी तंतोतंत जुळतात.

माझ्याकडे बीएमडब्ल्यू झेड-४ होती, ई-८५ मॉडेल, मेलबर्नला. तिथे त्याच कथेत पात्र वेगळं. छप्पर उघडणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर निचऱ्याच्या खळग्यातच बसवलेली. पाचोळ्याने निचरा तुंबला, मोटर पाण्यात बुडाली, छप्पर अर्धं उघडून हवेत उभं आणि आकाश भरून आलेलं. मी आणि नवरा दोन्ही बाजूंनी ताडपत्री धरून घरापर्यंत आलो, ताशी दहाच्या वेगाने.

---

तारतंत्री | रविवार, दुपारी २:५५

ताईंचं बरोबर आहे. त्या डब्याला बारा महिने करंट असतो. पाणी आणि करंट एकत्र आले की नुसता गंज चढत नाही, पिनेचं तांबं विरघळून शेजारच्या पिनेकडे सरकतं. पितळेच्या पातेल्यात ठेवलेलं ताक कळकतं ना, तसा कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लग, कळकतो. मग त्या हिरव्या किटणातून थोडा थोडा करंट इकडचा तिकडे जातो, आणि डब्याला वाटतं कोणीतरी दार उघडलं. झाला हॉर्न सुरू.

आता क्रम नीट ऐका. बॅटरी काढल्यावर थोडा वेळ थांबा, मग सीटखालचे कपलर सोडवा. त्यात एअरबॅगचाही असतो. सीट बाहेर असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगची चूक नोंदली जाईल. तुमचा दिवा आधीच लागलाय म्हणा, शेवटी स्कॅनरने एकदाच पुसू.

डबा निघाला की उघडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश घ्या. हेअर ड्रायर फार जवळ धरू नका. आणि तांदळात पुरू नका, तांदूळ भाताला ठेवा. क्षार आत राहिले तर नुसतं सुकवून उपयोग नाही, घासूनच काढावे लागतात.

---

बे_एरियातला_बाब्या | रविवार, रात्री ९:२० (तुमची)

काकांना +१. एक इशारा: डबा मेलाच तर दुसऱ्या गाडीतला आणून लावला आणि काम झालं, असं होत नाही. किल्ल्यांचे कोड त्यात असतात आणि इंजिनच्या संगणकाशीही त्याची ओळख जुळावी लागते. जुन्या बोर्डावरची छोटी मेमरी चिप वाचून तिचा मजकूर नव्यावर चढवणारे लोक असतात. म्हणून बोर्ड कितीही खराब दिसला तरी फेकू नका, चिप शाबूत असेल तर अर्धी लढाई जिंकलेली आहे.

माझी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. तिची बॅटरी डिकीत असते. छपराच्या पाण्याचे निचरे दोन्ही सीटमागच्या कोपऱ्यात, तिथून नळीने खाली मागच्या चाकांच्या पुढे. तुंबले की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं आणि तो आतून सडतो. कॅलिफोर्नियात पाऊस कमी म्हणून मी वाचलोय.

---

रत्नांग्री | सोमवार, सकाळी ६:५०

गाड्यांतलं मला काही कळत नाही, पण गळतीतलं कळतं. कौलारू घरात राहतो. पाणी जिथे पडतं तिथे ते शिरलेलं नसतं. माजघरात ठिबकतं आणि फुटकं कौल सापडतं पडवीच्या वर, वाशावरून दहा हात घसरत आलेलं असतं. आम्ही मिरगाच्या आधी पन्हळी साफ करतो, तुमच्याकडे पाचोळा पडतो तो पावसाच्या तोंडावरच. त्या मेपलखाली गाडी लावणं म्हणजे पन्हळीत स्वतःच बोळा कोंबणं.

---

मिडलँड्सकर | सोमवार, रात्री १०:१५

आज सुट्टी काढली. सीटचे चार बोल्ट चांदणीसारख्या डोक्याचे, ई-१२ सॉकेट लागतो. तो माझ्याकडे नव्हता, दुकानात जाऊन आलो. सीट एकट्याने उचलून बाहेर काढताना कमरेने आवाज केला. ओला-सुका व्हॅक्यूम लावला, सव्वापाच लिटर पाणी निघालं. मोजलं, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही.

डबा त्या पाण्यात अक्षरशः बसलेला होता. उघडल्यावर बोर्डाच्या एका कोपऱ्यात हिरवट-पांढरं पीठ, आणि मोठ्या कपलरच्या तीन पिना पार काळ्या. बाकीचा बोर्ड बरा आहे, चिपही स्वच्छ दिसतेय. दोनदा धुतला, ब्रशने घासला, आता बॉयलरच्या कपाटात टॉवेलवर ठेवलाय. गाडीत कार्पेटखाली लाकडी ठोकळे घालून डीह्युमिडिफायर लावलाय. काही तासांतच त्याची टाकी भरतेय.

आता छप्पर. रत्नांग्री, तुमचं घर माझ्या गाडीत निघालं. छप्पर अर्धं उघडून मधेच थांबवलं की मागच्या दोन कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं दिसतात. उजवीकडचं दिसलंच नाही. होती ती काळी माती, मेपलच्या बिया, आणि त्यातून उगवलेलं एक इवलंसं रोप. दोन पानं होती त्याला.

---

वाफाळलेला_चहा | सोमवार, रात्री १०:४०

ते रोप कुंडीत लावा!

आणि कृपा करून कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतली नळी जोडावरून सुटते, मग निचरा मोकळा दिसतो आणि पाणी थेट गाडीच्या पोटात जातं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, किंवा त्याहून बरी म्हणजे पडद्याची प्लॅस्टिक चढवलेली स्प्रिंग. वाकते, टोचत नाही, फिरवत फिरवत आत जाते.

---

मिडलँड्सकर | मंगळवार, रात्री ८:३०

पडद्याची स्प्रिंग चालली! बेडरूमचा पडदा सध्या सेफ्टी पिनांवर आहे. उजवीकडे बाटलीभर पाणी ओतलं, मागच्या चाकाच्या पुढे आधी चहाच्या रंगाचं, मग स्वच्छ पाणी धो धो आलं. डावीकडचा निचरा मुळातच ठीक होता. पुढच्या डिकीत (या गाडीचं इंजिन सीटमागे असतं) बॅटरीच्या बाजूचे, विंडस्क्रीनखालचे निचरेही साफ केले, तिथे एक मूठ पानं होती.

मंडळी, आभारी आहे. सुटलं.

---

मिडलँड्सकर | गुरुवार, सकाळी ७:०५

सुटलं नाही. रात्री पाऊस झाला, ड्रायव्हरच्या पायाकडे पुन्हा ओलं.

---

शंकासुर | गुरुवार, सकाळी ७:३०

मंगळवारी "सुटलं" वाचलं तेव्हाच मी पॉपकॉर्न परत ठेवले नव्हते.

---

तारतंत्री | गुरुवार, सकाळी ८:१०

होतं असं, दोन गळत्या एकत्र नांदतात. मोठी बंद झाली की धाकटी दिसते.

टाल्कम पावडर घ्या. दाराच्या उंबऱ्यावर, सीटच्या कडेला, पायाकडच्या पत्र्यावर पातळ शिंपडा. मग बाहेरून पाइपने पाणी सोडा, धार बारीक ठेवा. खालून सुरुवात करून वर चढा, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर नको, तो नसलेली भोकंही दाखवतो.

एक विचारतो: त्या दाराचं काम कधी झालंय का? काच, स्पीकर, काहीही?

---

मिडलँड्सकर | शनिवार, दुपारी ४:२०

काका, तुम्ही कुंडलीही बघता का?

पाणी दाराच्या काचेपर्यंत चढवल्यावर पावडरमध्ये एक रेघ उमटली. पोहे निवडताना ताटात बोट फिरवावं तशी बारीक, दाराच्या पॅडच्या खालच्या कडेतून उंबऱ्यावर आणि तिथून आत. मागच्या वर्षी काच वर-खाली करणारी यंत्रणा बिघडली होती, ती एका गॅरेजमध्ये बदलून घेतली होती. पॅड काढलं तर आतला फोमचा पडदा अर्धा फाटलेला आणि एका कोपऱ्यात पॅकिंगच्या चिकटपट्टीने डकवलेला. ती पट्टी कधीच सुटून खाली लोंबत होती.

हा पडदा कशासाठी असतो ते मला आज कळलं. मी समजत होतो आवाज कमी करायला.

---

तारतंत्री | शनिवार, संध्याकाळी ५:००

पुष्कळ जण तेच समजतात, म्हणून तर मेकॅनिक तो फाडतात. काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी दारात जातंच, सगळ्या गाड्यांत जातं. दाराच्या तळाला भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं. मधला पडदा त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. बुटिल टेप घ्या, काळी, च्युइंगगमसारखी असते ती. सिलिकॉन नको, पुढच्या वेळी काढताना तुम्हीच शिव्या घालाल. आणि दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर दाराचीच टाकी व्हायची.

---

पणजीकार | शनिवार, रात्री ९:४५

अर्थिंगबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या मावसभावाकडे सॅन स्टॉर्म आहे. नव्या पिढीसाठी सांगतो, आपल्याकडची दोन सीटर, फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ इंजिन. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची काळी तार चॅसीपर्यंत परत न्यावी लागते. समुद्राच्या हवेत त्या तारांची थिंबलं (टोकाला बोल्टसाठी असलेल्या कड्या) गंजली आणि गाडीत नाटक सुरू झालं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा, कारण करंटला परतीची वाट मिळेना, तो दुसऱ्या बल्बातून घुसून वाट काढायचा. भाऊ दर वेळी बल्ब बदलायचा. शेवटी आम्ही बोटींसाठी मिळते ती कल्हईची तार घेतली आणि सगळ्या अर्थ नव्याने ओढल्या.

बॉक्स्टर पत्र्याची आहे, पण पाणी पाच लिटर होतं म्हणजे तळाचे अर्थ पॉइंट घासून घ्याच.

---

मिडलँड्सकर | रविवार, संध्याकाळी ६:३०

सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणाला तरी लागेल.

डबा परत बसवला. तीन काळ्या पिनांपैकी दोन फायबरच्या पेन्सिलने चकाकल्या. तिसरीच्या समोरची कपलरमधली पिन ओढताच तुटली, तिथे नवी पिन क्रिंप करून घातली. एअरबॅगच्या कपलरमध्येही हिरवा ठिपका होता, तोही साफ केला. पणजीकार, तळाचा एक अर्थ बोल्ट खरंच तपकिरी झाला होता, पॉलिश पेपरने पत्रा उजळवून घट्ट केला आणि वरून ग्रीस लावलं. मग सीट बसवली, बॅटरी जोडली. पहिल्या बटणाला दार उघडलं. उभं राहून दहा वेळा उघड-बंद केलं. आजी खिडकीतून बघत होत्या.

मग करंट मोजायचा होता. पुढच्या डिकीचं झाकण उघडंच हवं, मीटर तिथेच लागतं. कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केली म्हणजे गाडीला झाकण लागलंय असं वाटतं आणि ती झोपते. (नंतर जीभ सोडवून मगच झाकण टाका. मी तसंच आपटणार होतो.) पहिल्यांदा १.८ अँपिअर, दहा मिनिटांनी ०.१५, आणि चाळीस मिनिटांनी ०.०३!

आता गरम इंजिनवर रडणारा स्टार्टर. काका, तो अजून रडतोच आहे.

---

तारतंत्री | रविवार, संध्याकाळी ७:१५

शाब्बास. ०.०३ म्हणजे बाळ झोपलं.

सेल्फचं दुखणं पाण्याच्या हिशेबात धरू नका, ते वेगळं असावं. सीटमागचं झाकण काढून इंजिनच्या पुढच्या बाजूला डायनामोपर्यंत हात जातो म्हणतात, तसं असेल तर सोपं आहे. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू. एकदा डायनामोच्या जाड थिंबलावर व्होल्ट बघा, लगेच बॅटरीच्या खांबावर. पट्ट्यापासून बाही सांभाळा.

---

मिडलँड्सकर | सोमवार, रात्री ९:००

डायनामोवर १४.३, बॅटरीवर १३.१.

---

बे_एरियातला_बाब्या | सोमवार, रात्री ९:३०

मग तीच ती केबल. ९८६ वाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे: अल्टरनेटरकडून स्टार्टरकडे आणि तिथून बॅटरीकडे जाणारी जाड केबल आतून कुजते. वरून काळं रबर अगदी नवं दिसतं. चार्जिंग आणि स्टार्टिंग दोन्ही तिच्यातूनच, म्हणून बॅटरी कधी पूर्ण भरतही नाही.

---

तारतंत्री | सोमवार, रात्री ९:५०

बरोबर. १.२ व्होल्ट वाटेत खाल्ले. सेल्फ मारताना तर करंट कितीतरी पट, तेव्हा किती खात असेल बघा. तार तापली की तिचा अडथळा वाढतो, म्हणून गरम असतानाच रडतो. नव्या डायनामोने यातलं काही झालं नसतं. १४.३ देणारा काढून १४.३ देणाराच बसवला असता.

---

मिडलँड्सकर | पुढच्या आठवड्यातला रविवार, दुपारी ३:१०

केबल बदलली. केबल महाग नाही, तिच्यापर्यंत हात पोचवणं महाग. जुनीचं रबर कापून बघितलं: थिंबलाजवळ वीतभर तांबं काळंमिट्ट, बोटाने चोळलं तर भुगा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचीच ही करणी. आता फरक ०.२ व्होल्टचा. गरम इंजिन एका झटक्यात सुरू होतं.

दाराचा पडदा नवा बसवला, चारी बाजूंनी बुटिल टेप, कोपऱ्यात दुहेरी. पॅड लावलं, क्लिपा नव्या घातल्या. मित्राच्या स्कॅनरने एअरबॅगची चूक पुसली, दिवा परत आलेला नाही. तीन रात्री पाऊस झाला. पावडर जशीच्या तशी कोरडी. गाडी आता घराच्या दुसऱ्या बाजूला, झाड नसलेल्या जागी लावतो. रोप कुंडीत आहे, तिसरं पान फुटलंय.

फक्त एक राहिलं. ड्रायव्हरची काच अजूनही दार उघडताना खाली येत नाही.

---

तारतंत्री | रविवार, दुपारी ३:२५

ते दाराच्या लॅचमधल्या बारीक स्विचचं काम. हँडल ओढलं हे त्यालाच कळतं. मागच्या आठवड्यात दार उघडं होतं तेव्हाच बघायला हवा होता, माझ्याही ध्यानात आलं नाही. आता पॅड काढावं लागेल.

---

मिडलँड्सकर | रविवार, दुपारी ३:२७

आणि पडदा?

---

तारतंत्री | रविवार, दुपारी ३:२८

लॅचच्या बाजूचा तरी सोडवावा लागेलच.

---

शंकासुर | रविवार, दुपारी ३:३०

पॉपकॉर्न गरम करतोय.

---

मिडलँड्सकर | रविवार, दुपारी ३:४४

बुटिल टेपचा अर्धा रीळ शिल्लक आहे. शनिवारी बघतो. तोवर पलीकडच्या दाराने चढतोय.